आमच्या इमारतीतील श्वान-अभिवादन सुधारणा

ओळख हा सभ्य समाजाचा पाया आहे आणि ती होता होईल तो वरवरचीच असावी, यावर सर्व सभ्य माणसांचे एकमत आहे. लिफ्टमध्ये दोघे भेटले की एक विचारतो, "काय, बरं आहे ना?" दुसरा म्हणतो, "मजेत." (दुसऱ्याचे मूळव्याधीचे ऑपरेशन नुकतेच ठरलेले असते.) मग दोघेही मजल्यांचे आकडे वाचत उभे राहतात. एवढ्या ओळखीवर आमची इमारत वर्षानुवर्षे सुखाने नांदत होती.

कुत्र्यांना ही शिस्त नाही. दोन कुत्री भेटली की तोंडदेखले काही न करता सरळ एकमेकांच्या मागे जातात आणि तिथे नाक लावून समोरच्याचे वय, लिंग, तब्येत, सकाळचा खुराक आणि सध्याची मनःस्थिती इत्यादी तपशील जाणून घेतात. थापा मारायची सोयच नाही. फाटकाजवळचा दिव्याचा खांब हे तर त्यांचे वर्तमानपत्र. येणारा प्रत्येक जण आधी वाचतो, मग पाय वर करून आपला मजकूर घालतो आणि मागच्या पायांनी माती उकरून पंजांचा वासही सोडून जातो.

एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींचे ऑफिसातले साहेब त्यांच्याकडे चहाला आले असताना दोन कुत्र्यांनी लिफ्टच्या दारातच परस्परांची सविस्तर विचारपूस केली. "हे नेहमी असंच करतात?" साहेबांनी विचारले. सेक्रेटरींना मेल्याहून मेल्यासारखे झाले. लगेच उपसमिती नेमली गेली. अध्यक्षपद माझ्याकडे आले, कारण माझ्याकडे कुत्रा नाही, म्हणजेच मी निःपक्षपाती.

पाहणीत असे आढळले की शंभर टक्के कुत्री हुंगतात. हुंगू नका, अशी समज दिलेल्या कुत्र्यांतही हेच प्रमाण आढळले. ज्याअर्थी हुंगण्याचे मूळ वासात आहे, त्याअर्थी वासच काढून टाकावा, असे ठरले. खांब रोज फिनेलने धुवायचा, सर्व कुत्र्यांना समितीमान्य, गुलाबाच्या वासाच्या शाम्पूने अंघोळ घालायची, जिने, पायपुसणी आणि फिनेलवरून पुन्हा खांबही त्याच शाम्पूच्या पाण्याने धुवायचा. शाम्पूचे कॅन मोठाले आले आणि टाकवत नाही म्हणून उरलेला माणसांनीच वापरायला काढला. (मी तर दाढीलाही वापरतो. फेस झकास येतो.)

मोहीम कमालीची यशस्वी झाली. कुत्री समोरासमोर येत, एकदा हुंगत, समोरून आपलाच वास आलेला पाहून गोंधळत आणि मान वळवून निघून जात. "याला म्हणतात वळण," सेक्रेटरी म्हणाले.

अडचण एकच झाली. तिचे नाव भोपळ्या. भोपळ्या हा तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या मावशींचा म्हातारा कुत्रा. डोळे गेलेले, कानही गेलेले. जगाशी त्याचा संबंध उरला होता तो फक्त नाकाचा, आणि त्या नाकाच्या भरवशावर तो रोज खांबापर्यंत जाऊन एकटा घरी येई. मोहिमेनंतर तो दारोदार हुंगत फिरला. सगळीकडे गुलाब. मावशी धावत खाली आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. त्याने तो हुंगला, दात दाखवले आणि पंपाच्या खोलीत जाऊन भिंतीशी बसला. त्यानंतर त्याने अन्नाला तोंड लावले नाही.

"परकी झाले हो मी त्याला," मावशी बैठकीत म्हणाल्या. "असाच राहिला तर जाईल तो. मी आता अंघोळ करणार नाही."

"मावशी, आज तुम्ही सोडलीत, उद्या सगळेच सोडतील," सेक्रेटरी म्हणाले.

"सोडू देत की. माझा कुत्रा जेवत नाहीये."

बऱ्याच खलानंतर मावशींना, अपवादात्मक बाब म्हणून, अंघोळ न करण्याची परवानगी देण्यात आली. त्या पंपाच्या खोलीतच सतरंजी टाकून बसल्या. उकाडा बेताचाच असल्याने घाम येऊन अंगाचा मूळ वास परतायला वेळ लागत होता. भोपळ्या पाणी तेवढे चाटायचा आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करायचा. मावशींनी जेवण सोडले तेव्हा आम्ही सगळे जिन्यात येऊन गुपचूप उभे राहू लागलो.

अखेर एका दुपारी त्याचे नाक हलले. तो खुरडत आला, त्याने मावशींची मान हुंगली, काख हुंगली, पुन्हा मान हुंगली आणि मांडीत डोके खुपसून कण्हल्यासारखा आवाज काढला. मग त्यांच्या हातचा भात खाल्ला. मावशी रडल्या. मलाही रडू आले. अध्यक्षाला ते शोभत नाही, पण आले.

पोट भरल्यावर त्याने आम्हा समिती सदस्यांना रांगेत हुंगले. सेक्रेटरींपाशी त्याला काहीच सापडले नाही. माझ्यापाशी तो जरा घोटाळला आणि मग, धुतलेला खांब समजून, त्याने पाय वर केला.

मोहीम अजून चालू आहे. सूट फक्त मावशींना. आता पाहणीतला शेवटचा प्रश्न तेवढा तुम्हाला विचारायचा राहिला. तुमच्या माणसांना उद्या दिसेनासे झाले, ऐकू येईनासे झाले, तुमचे नाव, हुद्दा, दारावरची पाटी कशाचाच उपयोग राहिला नाही, तर त्यांच्यातले कोण तुम्हाला ओळखेल? घाई नाही, सावकाश आठवा. आणि ते बाहीला नाक लावून बघणे आधी थांबवा. तिथे शाम्पूचाच वास येणार.