उत्तमदादांचा सीमाप्रश्न

शेजाऱ्याच्या शेळीनं आपला मेथीचा वाफा फस्त केला, तर आपण शेजाऱ्याला चार शब्द सुनावतो. आमच्या उत्तमदादांनी टाइप केलेलं पत्र पाठवलं: ‘सदर घटनेची आम्ही गंभीर दखल घेतली असून तूर्त संयम बाळगून आहोत.’ शेळीवाला किसन तो कागद घेऊन माझ्याकडं आला. “सर, हे कोणत्या योजनेचं हाये? दुसरी शेळी मिळून राह्यली का?”

दादा माझे चुलतभाऊ. तीस वर्षं परदेशातल्या वकिलातींत काढून, शेवटी एका चिमुकल्या देशात राजदूत होऊन निवृत्त झाले. आता जालन्याच्या एका कॉलेजात परराष्ट्र धोरण शिकवतात आणि शुक्रवारच्या बसनं कुंभार पिंपळगावला, रिकाम्या घरी येतात. वहिनी गेल्या, मुलगा तिकडंच राहिला.

‘नाही’ हा शब्द दादा वापरत नाहीत. भाजी खारट झाली तर म्हणतात, “मिठाबाबत आमची भूमिका थोडी वेगळी आहे.” वर्गात पोरगं उशिरा आलं तर रागावत नाहीत, खुलाशासाठी पाचारण करतात.

माझ्या पुतणीच्या लग्नात तिचे दोन मामा रुसले. टोपी-उपरणं आधी कुणाला, यावरून. दादा मध्यस्थीला बसले. दोघांनी मांडवाच्या दोन तोंडांतून एकाच क्षणी आत यायचं आणि टोप्याही एकदमच घालायच्या, असा मसुदा ठरला. मसुद्याचं वाचन संपेस्तोवर मुहूर्त टळला. मंग दोन्ही मामा मिळून दादांवर तुटून पडले. दादा मला हळूच म्हणाले, “बघ, दोघं एका बाजूला आले.”

आता जे इतकी वर्षं गिळून बसलो होतो, ते लिहितो. दादांचं शेत माझ्या शेताला लागून आहे. ते परदेशी असताना मी अकरा वर्षं, दर उन्हाळ्यात नांगरट करताना, मधला बांध वीतभर त्यांच्या बाजूला सरकवला. मी शाळामास्तर, पोरांना खरं बोलायला शिकवणारा. दादा परतल्यापासून दर शनिवारी त्यांच्याकडं भाकरी-पिठलं घेऊन जायचो. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर सरांसारखा. ते ऐकलं की मी विषय बदलायचो.

गेल्या महिन्यात जेवता जेवता बोलून टाकलं. “दादा, बांध मी कोरला. अकरा वर्षं.”

“साडेपाच हात,” दादा म्हणाले. “आलो त्याच महिन्यात मोजून घेतला.”

“मंग बोललात का न्हाई?”

दादा चष्मा पुसू लागले. “बोललो असतो तर तू दुसऱ्या दिवशी बांध मागं घेतला असतास. आणि शनिवारी आला नसतास.”

मी ताट बाजूला सारलं. “उद्याच ट्रॅक्टर लावतो. सगळा बांध होता तिथं आणून ठेवतो.”

“इतकी जल्दी न्हाई करायची.” इतक्या वर्षांत दादांच्या तोंडून ‘न्हाई’ मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही थेट त्यांच्या आईच्या, आमच्या काकूच्या बोलीत. “जसा नेलास, तसा आण. दर साली एक वीत. मधून मधून दोघांनी जाऊन पाहणी करायची. मला शनिवार बरा पडतो.”

दादा अडुसष्ट वर्षांचे आहेत. मी मनातल्या मनात अकरा मिळवले आणि ‘मान्य’ म्हणालो.