नकाराचं प्रकरण

"अकरा भाषांची व्याकरणं या हातानं लिहिलीत," असं आमचे व्याकरणबुवा भेटेल त्याला सांगत, आणि तो भारावून जायच्या आत स्वतःच म्हणत, "आता त्यातली एकही बोलता येत नाही, ते सोडा."

बारावं पुस्तक छापखान्यात अडकलं होतं. त्यातली भाषा शाळेत शिकवायला निघालेले मास्तर खोळंबले होते, छापखानेवाला रोज फोनवरून खेकसत होता, आणि नकाराचं प्रकरण कोरंच होतं. 'आहे' सापडलं, 'नाही' सापडेना. अशात सुनेची आई राहायला आली. ती भाषा तर या माउलीची जन्माची. बुवांनी ठरवलं, आता वणवण कशाला, चहा पिता पिता घरातच उरकू. (चहा तेवढा उरकला.)

बुवांची एक खोड होती. सगळ्या पुस्तकांत नमुन्याचं वाक्य एकच: 'माझी मुलगी सुखी आहे.' भाषा बदलो, मुलगी तीच.

"विहीणबाई, तुमच्या भाषेत म्हणा, माझी मुलगी सुखी आहे."

बाईंनी हौसेनं म्हटलं. लेकीकडे बघून डोळेसुद्धा पुसले.

"छान. आता म्हणा, माझी मुलगी सुखी नाही."

कप बशीत आदळला. "का? काय केलंत तिला?"

"काही नाही केलं. तुम्ही नुसतं म्हणायचं."

"आईच्याच तोंडून वदवून घेताय? उद्या चारचौघांत सांगायला?"

"चारचौघांत कशाला, छापायचंय ते."

झालं. विहीणबाई ताडकन उठल्या. "पोरी, बॅग भर."

"आई, मी सुखी आहे गं."

"तू गप्प बस. तुला काय कळतंय."

बुवांची बायको ओल्या हातांनीच आतून आली. "सून गेली ना या घरातून, तर तिच्या मागोमाग मीही जाईन. मग झोपा तुमच्या अकरा भाषा उशाला घेऊन."

आता बुवाही भडकले. "एक 'नाही' मागतोय, किडनी नाही मागत."

पण भडकता भडकता त्यांना युक्ती सुचली. मुलीच्या जागी आपणच वाक्यात शिरायचं. आधी 'व्याही मूर्ख आहे' म्हणवून घ्यायचं, म्हणजे बाईंचा राग निवळेल. मग त्याला 'नाही' लावलं की छापील पुस्तकात आपण आपोआप शहाणे. (डोकं नव्हे, कारखाना. माल खपत नाही, एवढंच.)

"मुलगी राहू द्या. म्हणा, व्याही मूर्ख आहे."

बाई परत बसल्या. म्हणाल्या. सावकाश, चव घेत.

"होता?"

म्हणाल्या.

"राहील?"

तेही खणखणीत. वर न मागता व्याही, व्याह्याचा बाप आणि आजा अशा तिघांना गुंफून अनेकवचनही देऊन टाकलं. सुनेनं बॅग खाली ठेवली. बायकोनं खुर्ची पुढे ओढली. "विहीणबाई, ते परत एकदा म्हणा. मला पाठ करायचंय."

बुवा कानापर्यंत लाल होऊन, दातओठ खात लिहीत होते.

"हं," ते गुरकावले, "आता शेवटचं. व्याही मूर्ख नाही."

विहीणबाईंनी छताकडे पाहिलं. ओठ हलवून बघितले. लेकीला कानात काही विचारलं, तिनंही मान हलवली.

"अवघड आहे हो," त्या म्हणाल्या. "हे वाक्य या घरात तुमच्या भाषेतसुद्धा अजून कुणी म्हटलेलं ऐकलं नाही मी. आमच्या भाषेत कुठून आणू?"