कपाटाला टेकलेले अण्णा

त्या दिवशी अण्णांनी एवढंच ठरवलं होतं, की केकचा एकच तुकडा खायचा. (दुसरा त्यांनी ठरवून खाल्ला नाही, तो ओघात आला.)

अण्णा जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑफिसात हेडक्लार्क. त्यांच्या डाव्या दंडाला मागच्या बाजूने साखर मोजणारा सेन्सर चिकटवलेला होता. दर पाच मिनिटांनी तो आकडा त्यांच्या मोबाइलवर पाठवायचा आणि तिथून थेट बायकोच्या मोबाइलवर. बायको शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे आलेख वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पंधरा दिवस आलेख सरळ राहिला तर गोळ्यांवर भागेल. नाहीतर इन्सुलिनची सुई." आणि सुई म्हटलं की अण्णा आधी दार कुठे आहे ते बघायचे. (सेन्सर लावून घेतानासुद्धा ते डोळे मिटून बायकोला बिलगले होते.)

सेन्सर लावल्यावर ऑफिसच्या पहिल्याच दिवशी चहाबरोबर दोन क्रीमची बिस्किटं खाऊन ते लोखंडी कपाटाला टेकून उभे होते, तेव्हा त्यांना शोध लागला. सेन्सर दाबला गेला की आकडा उतरतो. साखर जागच्या जागी, पण मोबाइल मात्र खूश. तेव्हापासून चार वाजले की अण्णा काहीतरी तोंडात टाकायचे आणि कपाटाला टेकायचे.

त्या दिवशी शिपाई निवृत्त होत होता आणि केक दोन मजली होता. दोन तुकडे पोटात गेल्यावर अण्णांनी सगळं वजन कपाटावर टाकलं. आकडा बावन्नवर आला आणि मोबाइल कोकलायला लागला. अण्णांनी खिशातल्या खिशात त्याचं तोंड बंद केलं. बायकोच्या मोबाइलचं तोंड बंद करणं काही त्यांच्या हातात नव्हतं.

तिने थेट अण्णांच्या ऑफिसातल्या वरिष्ठ मॅडमना फोन लावला.

"मॅडम, ह्यांची साखर उतरलीय. चक्कर यायच्या आत काहीतरी गोड द्या."

"अहो, पण ते तर इथे..."

"नको म्हणतील. ऐकू नका. कोंबा."

अण्णांना धरून खुर्चीत बसवलं गेलं. टायपिस्टबाईंनी ग्लासभर पाण्यात सहा चमचे साखर ढवळली.

"मला काही झालेलं नाही," अण्णा म्हणाले.

"साखर उतरली की असंच बोलतात," टायपिस्टबाई म्हणाल्या आणि त्यांनी केकचा तिसरा तुकडा आत सारला.

खरं बोलावं तर चोरी उघडी पडणार आणि सुई टोचली जाणार. अण्णांनी मुकाट्याने तोंड उघडलं. वर्षभरात पहिल्यांदा बायकोच्या हुकमाने केक मिळत होता आणि तो घशाखाली उतरत नव्हता.

एवढ्यात बायको आली. हाताला खडू तसाच, दम लागलेला. तिने अण्णांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिचे डोळे भरून आले. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रोज चारला कपाटाला टेकूनच असतात हो बिचारे," टायपिस्टबाई कळवळून म्हणाल्या.

बायकोने कपाटाकडे पाहिलं. तेवढ्यात तिचा मोबाइल पुन्हा ओरडला. तीनशे चाळीस.

सोमवारी डॉक्टरीणबाई आलेख बघत म्हणाल्या, "ही उतरण खोटी आहे. सेन्सर दाबला गेलाय. कुशीवर झोपलं की होतं असं. ऑफिसात झोपला होतात का?"

"हो," अण्णांनी घाईघाईने कबूल केलं. "डुलकी लागली." (ती रोजच लागते, पण तीन वाजता.)

बायकोने पर्समधून कागद काढला. आलेखावर लाल पेनाने अकरा गोल केलेले होते.

"पंधरा दिवसांत ऑफिसचे दिवस अकरा, डुलक्याही अकरा. सगळ्या चारच्या सुमाराला. आणि प्रत्येक डुलकीच्या आधी साखर चढलेली."

"झोपेत खाता का?" डॉक्टरीणबाईंनी मनापासून विचारलं.

अण्णांनी मान खाली घातली.

"वर्ग सोडून धावत आले मी," बायको हळूच म्हणाली. "फळ्यावर गणित अर्धंच राहिलं."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. "इन्सुलिन सुरू करू. सुई कुठे घेणार, पोटावर की दंडावर?"

अण्णा पोट म्हणणार, तोच बायको म्हणाली, "डाव्या दंडावर द्या. जरा दुखलं, म्हणजे कपाटाला टेकणार नाहीत."