शेवटचा सूर संपेना

भाता गळत होता, एवढंच निमित्त झालं. सासरेबुवांनी मेढ्याहून आमच्या लग्नात दिलेली साठ वर्षांची बाजाची पेटी मी 'डिजिटल' करायचं ठरवलं. (अठ्ठ्याण्णव साल. शब्द ऑफिसात नवा होता आणि मला तो कुठंतरी वापरायचाच होता.)

आष्ट्याच्या सयाजीनं, म्हणजे आमच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं, आतल्या पितळी पट्ट्या, म्हणजे सूर, काढले आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचं सर्किट बसवलं. भाता नुसता शोभेला ठेवला. पहिला सा ऐकून शरयू म्हणाली, "अहो, ही आपली पेटी नव्हे. कुणीतरी पाहुणी बोलतेय."

"प्रगती आहे ती!" मी म्हटलं.

गुरुवारी दत्ताच्या आरतीला खुद्द सासरेबुवा आले. विश्रामबागेतली निम्मी कॉलनी आमच्या हॉलमध्ये. त्यांची रीत अशी, की शेवटचा सूर दाबून धरायचा, भाता सोडायचा आणि हवा संपून सूर आपोआप विझेपर्यंत सगळ्यांनी डोकं जमिनीला टेकवून राहायचं.

टेकवलं. एक मिनिट झालं, तीन झाली. सूर जसाच्या तसा!

"आवं, हवा संपंना की!" मनुबाई आत्या जमिनीलगतच ओरडल्या. "माजी कंबर धरली!"

"संपंल, संपंल," सासरेबुवा म्हणाले. बोट उचलायला तयार नाहीत. (नेमाचा माणूस!) प्रसादाचा शिरा गार झाला. शेवटी मीच रांगत जाऊन प्लग उपटला.

सासरेबुवांनी पेटीवरून हात फिरवला. "जावईबापू, माज्या आईनं दूध इकून घेतलेली ही. हिचा आवाज कुटं गेला?" त्यांचे डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळच्या पहिल्या एसटीनं, पेटी मांडीवर घेऊन, मी आष्टा गाठलं.

"सयाजी, ते जुने सूर भंगारात घातलेस काय रे?"

त्यानं फळीवरून बिस्किटाचा डबा काढला. एकेक सूर कागदात गुंडाळून, वर नंबर टाकून ठेवलेला!

"देव आहेस गड्या तू!" मी त्याचे हातच धरले.

"माजं काय न्हाई त्यात. वैनींनीच निरोप धाडलेला. ह्यांचा उत्साह आठ दिवस टिकतो, तवर जपून ठिवा, म्हनल्या."

त्यानं सूर बसवले, भात्याला चामड्याचं ठिगळ लावलं. संध्याकाळी घरी आरतीला पेटी धापा टाकत, पण आपल्या आवाजात बोलली. सासरेबुवांचा शेवटचा सूर हळूहळू विझला. डोकं टेकल्या टेकल्या मी दत्ताच्या आधी शरयूचे आभार मानले, आणि उठून तिला तसं सांगितलंही.

"राहू द्या हो," ती लाजली. "पण एवढे आष्ट्याला गेलात, तर फळीखालचं पोतं का नाही आणलंत?"

"कसलं पोतं?"

"माझ्या शिलाई मशीनचं पायडल आहे त्यात. गेल्या दिवाळीत तुम्ही मोटर बसवली होतीत ना!"