बाळूला ‘व्हय’ शिकवलं

सॉफ्टवेअरच्या बाबतीत माझी काही ठाम मतं आहेत आणि ती मी कोणी न विचारताही सांगतो. नवीन फोन बाजारात आल्या आल्या घेऊ नये. पहिल्या महिन्यात घेणारे लोक कंपनीसाठी फुकटात तपासणी करत असतात. अपडेट आलं की दोन आठवडे थांबावं, बाकीच्यांचे फोन बंद पडतायत का बघावं, मग करावं. सेकंदाला साठ फ्रेमच्या खाली गेम खेळणं म्हणजे लग्नाचा अल्बम चाळणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते विकतचे बोलके डबे घेऊ नयेत. "सॉरी, समजलं नाही" हे एकच वाक्य त्यांना नीट येतं. आपला सहायक आपण बनवावा! फुकटचं सॉफ्टवेअर, एक जुना फोन आणि दोन रविवार, एवढं पुरतं.

मी बनवला. भांडुपची आमची चाळ पाडून तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्हाला अकराव्या मजल्यावर घर मिळालं, त्या घरासाठी बनवला. माझी धाकटी बहीण मानसी हिचा जुना फोन कपाटात पडून होता. तिचं व्हॉट्सॲप त्यात अजून जोडलेलं होतं. तपासून बघायला हवं होतं, पण मला वाटलं, बरंच झालं, आयतं काम झालं. सहायकाचं नाव मी बाळू ठेवलं.

बाळूला मी साधी कामं दिली होती. ‘बाळू, ऐक’ म्हटलं की तो रेकॉर्ड करायला लागायचा. मग बोलताना फोनमधल्या कुणाचं नाव आलं आणि त्यानंतर त्याला होकार ऐकू आला, की तोवरचं सगळं तो त्या माणसाला पाठवून द्यायचा आणि पुढचं रेकॉर्ड करायला लागायचा. पाठवून झालं की स्वतःकडची प्रत पुसायचा, कारण जुन्या फोनात जागा कमी. ही शेवटची युक्ती माझी होती आणि तिचं मला फार कौतुक होतं.

पहिल्या दिवशी आईने त्याला दहा वेळा ‘व्हय’ म्हटलं आणि तो ढिम्म. आमची आई मूळची कणकवलीकडची. तिच्या तोंडून ‘होय’ निघणं कठीण. मी रात्रभर नाही, फक्त चहा होईपर्यंत बसलो आणि बाळूला शिकवलं, की ‘व्हय’ म्हणजे होकार. पुढचे तीन दिवस मी भेटेल त्याला सांगत होतो, की मालवणी समजणारा जगातला पहिला सहायक आमच्या हॉलमध्ये राहतो. ऑफिसातल्या धम्मपालने विचारलं, तो मासे साफ करतो का. मी दुर्लक्ष केलं.

आता लवूकाकांबद्दल सांगायला हवं. हे बाबांचे थोरले भाऊ. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनचं काम केलं, मग लिफ्टमनचं, आणि आता मानखुर्दला शेवंतीकाकीबरोबर शांतपणे राहतात. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याचं ऐकलं. मात्र घरात काही शुभकार्य असलं, की गाऱ्हाणं काका घालतात. गाऱ्हाणं म्हणजे घरातल्या मोठ्याने देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्या आवाजात केलेलं मागणं. एकेक मागणं झालं की जमलेल्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्या दहा मिनिटांत काका वेगळेच दिसतात. मान ताठ, आवाज खणखणीत, आणि घरातला कोणीही माणूस त्यांच्या मागण्यातून सुटत नाही.

वास्तुशांतीच्या आधी चार दिवस ते मुद्दाम मला भेटायला आले होते. म्हणाले, "माझ्यामागसून गाऱ्हाणा घालूक कोण रे? तू शिकान घे. रोज बस माझ्याबरोबर, पंधरा दिवसांत येतला."

मी हसलो. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की काका, आता शिकायची काय गरज? बाळू रेकॉर्ड करेल. जगबुडी झाली तरी तुमचं गाऱ्हाणं हरवणार नाही! काकांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणाले. त्या ‘बरं’चा अर्थ मला आता कळतो.

वास्तुशांतीला तीसेक माणसं होती. पूजा झाली. मी बाळूला समईशेजारी तांब्याला टेकवून ठेवला आणि हळूच ‘बाळू, ऐक’ म्हटलं. विचार असा, की गाऱ्हाणं संपलं की गावच्या ग्रुपचं नाव घ्यायचं, ‘व्हय’ म्हणायचं, आणि कणकवलीत सगळ्यांना एकदम धक्का! काका पुढे आले. समईची धग फोनला लागेल म्हणून त्यांनी दोन बोटांनी तो जरा बाजूला सरकवला. हे सगळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," काकांनी सुरुवात केली, आणि देवांची, गावाच्या सीमेची, पूर्वजांची नावं घेत घेत ते आमच्या अकराव्या मजल्यावर येऊन पोचले. घर सुखाचं होऊ दे. व्हय म्हाराजा. आईचे गुडघे बरे होऊ दे. व्हय म्हाराजा. इथवर ठीक होतं, कारण मानसी घरच्या माणसांचे नंबर फोनात नावाने ठेवत नाही. आई म्हणजे आई, मी म्हणजे दादा. बाळूच्या लेखी अजून कोणाचंच नाव आलेलं नव्हतं.

मग काका घरच्या चेडवाकडे, म्हणजे मुलीकडे, मानसीकडे वळले. मानसी अंधेरीला एका कंपनीत आहे आणि गेले दोन महिने गुपचूप दुसरीकडे मुलाखती देत होती. घरच्यांशिवाय कोणाला पत्ता नव्हता.

"आमच्या चेडवाक त्या राजेश सायबाच्या तावडीतसून सोडय रे म्हाराजा. रात्रंदिवस राबवता तो तेका."

"व्हय म्हाराजा!" तीस माणसं म्हणाली. मी सगळ्यात मोठ्याने.

"ती दुसऱ्या कंपनीची शॅरनबाय, तिचा मन वळय. ह्या चेडवाक चांगली जागा दी."

"व्हय म्हाराजा!"

"आणि सोसायटीची ती इरावतीबाय पाणी अर्धोच तास सोडता, तेका सद्बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा!" या शेवटच्या मागण्याला शेजारचे लोकही अगदी मनापासून म्हणाले. त्यांच्याकडेही पाणी अर्धाच तास येतं.

पुढे जेवणं सुरू झाली आणि गावच्या ग्रुपचं नाव घ्यायचं मी विसरूनच गेलो. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. मी तिसरा वडा घेत असताना मानसीचा फोन वाजला. तिने बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. शॅरनकडून एकच शब्द आला होता, ‘आमेन’. मानसीने स्क्रीन वर सरकवून त्याआधीचा ध्वनिसंदेश लावला, आणि काकांचा खणखणीत आवाज भर पंगतीत पुन्हा घुमला. पाठोपाठ तीस माणसांचा होकार. त्यातला माझा आवाज स्पष्ट ओळखू येत होता.

पाच मिनिटांनी राजेश सरांचं उत्तर आलं. नुसते जोडलेले दोन हात. पंगतीत त्या हातांवर चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, माफ केलं असं दिसतंय. कुणी म्हणालं, हा निरोप आहे, उद्यापासून येऊ नकोस. तेवढ्यात बेल वाजली आणि दारात सोसायटीच्या सेक्रेटरी इरावतीबाई उभ्या होत्या. हातात फोन. त्यांनी सगळ्यांदेखत लवूकाकांना विचारलं, की देवाला सांगायचं ते देवाला सांगा ना, मला कशाला ऐकवता?

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मी मात्र बाळूला खिशात घातला आणि बाथरूममध्ये गेलो. कडी लावली आणि तिन्ही संदेश सगळ्यांसाठी डिलीट केले. टेक्नॉलॉजीची आवड असलेल्या माणसाचं डोकं संकटात असं चालतं. पुरावा नाहीसा झाला की गुन्हाही नाहीसा होईल, असं मला खरोखर वाटलं! ऐकलेलं डिलीट होत नाही, हे त्या सॉफ्टवेअरमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं.

बाथरूमच्या दारातून मला बाहेरचं ऐकू येत होतं. कोणीतरी म्हणालं, काकांनी फोन सरकवला तेव्हाच काहीतरी दाबलं गेलं. दुसऱ्याने दुजोरा दिला, हो, मीही पाहिलं. आणि मग मानसीचा आवाज आला. ती आयुष्यात कधी काकांना उलटून बोललेली नाही.

"काका, तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझ्या नोकरीचं सगळ्यांसमोर बोलायला? आणि फोनला हात कशाला लावलात?"

मी बाहेर आलो. काका पानावरून उठून भिंतीशी उभे होते आणि स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होते. त्यांनी मला पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "नितेशा, माझ्याकडसून खंयचा बटण दाबला गेला रे?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की काका, तुमच्याकडून काही झालं नाही, हा माझा बाळू. सात-आठ शब्द. पण तीन दिवस मी मालवणी समजणाऱ्या पहिल्या सहायकाच्या गोष्टी सांगत हिंडलो होतो, आणि समोर तीस माणसं उभी होती. मी म्हटलं, "बघतो हां, काका." आणि खाली मान घालून फोन बघत बसलो. काका इरावतीबाईंपुढे हात जोडून चुकलो म्हणाले. मानसीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तर ती आतल्या खोलीत निघून गेली. चहाला न थांबता काका-काकी मानखुर्दला गेले. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. लिफ्टचं बटण काकांनी दाबलं नाही. माझ्याकडे बघत थांबले. मी दाबलं. याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी मी मानसीला खरं सांगितलं. ती मला मारायला धावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रडली आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता फोन लाव. मी काकांना फोन लावून सगळं कबूल केलं. नाव, होकार, सगळं समजावलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे माझा बोट लागूक नाय?" त्यांनी विचारलं.

"नाही काका."

"नक्की मा?"

"नक्की."

"असांदे मगे," ते म्हणाले आणि फोन काकीकडे दिला. काकीने मात्र सोडलं नाही. तिचं म्हणणं, हेच दुपारी सांगितलं असतंस तर दुपारी जेवले असते ते.

आता गंमत ऐका. राजेश सरांनी तो संदेश पूर्ण ऐकलाच नव्हता. ते गाडी चालवत होते, सुरुवातीला ‘देवा म्हाराजा’ कानावर पडलं, काहीतरी आरती असेल म्हणून हात जोडून पाठवले. शॅरन मढच्या मराठी ख्रिश्चन घरातली. तिने आपल्या आजीला ऐकवलं, आजीला फार आवडलं, आणि पंधरा दिवसांत मानसीला ती नोकरी मिळाली. इरावतीबाई आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत, पण पाणी तासभर सोडायला लागल्या. तिन्ही मागण्या पूर्ण झाल्या! सगळे मला म्हणायला लागले, की जाऊ दे रे, कोणाचं काय नुकसान झालं? मानसी तर मानखुर्दला जाऊन काकांच्या गळ्यात पडून आली.

बाळूला मी उघडून बघितलं. त्याच्याकडे काहीच नव्हतं. माझ्या हुकुमाप्रमाणे त्याने सगळ्या प्रती पुसल्या होत्या, आणि पाठवलेल्या मी पुसल्या होत्या. शॅरनला विचारलं, राजेश सरांना विचारलं. कोणाकडे काही नाही. गाऱ्हाण्याचा एक शब्द कुठे शिल्लक नव्हता. मग मी मानखुर्दला गेलो आणि म्हटलं, काका, मला शिकवा. त्यांनी प्रेमाने चहा पाजला, गिरणीच्या गोष्टी सांगितल्या, माझ्या गेमची चौकशी केली. गाऱ्हाण्याचा विषय निघाला की म्हणायचे, "आता नको रे. पुढे बघू." चार वेळा गेलो. चार वेळा चहा प्यालो.

यंदा गणपतीला काका आले. त्यांनी काही सांगायच्या आधीच आम्ही सगळ्यांचे फोन बंद करून स्वयंपाकघरात नेऊन ठेवले होते. मी तर टीव्हीचीही वायर काढली. आरती झाली, सगळे हात जोडून उभे राहिले. काका पुढे झाले, डोळे मिटले. ओठ हलायला लागले. आवाज नव्हता.

मी पुढे वाकून म्हटलं, "काका, मोठ्याने बोला ना. काही चालू नाही आज."

डोळे न उघडता ते म्हणाले, "देवाक आयकाक येता रे." आणि पुन्हा ओठ हलायला लागले.

आम्ही वीस-पंचवीस माणसं नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ‘व्हय’ कुठे म्हणायचं ते कोणालाच कळेना. ‘बा देवा म्हाराजा’ एवढंच मला येतं, पुढचं काही येत नाही, शिकलोच नाही. काकांनी एकदा श्वास घेतला आणि मान किंचित हलवली. मला वाटलं, हीच जागा. मी एकट्याने, चांगल्या मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

काकांचे ओठ थांबले. शेवंतीकाकीने मला कोपराने ढोसलं.

"गप रव," ती कुजबुजली. "अजून देवांचीच नावां घेतत."