पेनफोल्ड यांची व्याख्याने आणि अनाथांचे पायमोजे

सार्वजनिक व्याख्यानाने समाजाचे कल्याण होते, याबद्दल शहाण्या माणसांत दुमत नाही. ते नेमके किती झाले, हे मात्र सहसा कुणाला सांगता येत नाही. इंग्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या स्कार्नेस गावाला १८६३ साली ते सांगता येत होते. जोडांत.

तिथल्या साहित्य-संस्थेत दर गुरुवारी व्याख्यान असे. पुढच्या आठ रांगांत बायका बसत आणि ऐकता ऐकता बुडालेल्या कोळ्यांच्या पोरांसाठी लोकरीचे पायमोजे विणत. (सुरुवात घरून करून आणत, शेवट मात्र व्याख्यानातच व्हावा, असा दंडक होता.) आभार मानून झाले की संस्थेच्या चिटणीस मिसेस ब्रॅथवेट टोपली फिरवत आणि वक्त्याची योग्यता जागच्या जागी ठरे.

प्राध्यापक पेनफोल्ड आले तेव्हा उच्चांक भूगर्भशास्त्राच्या नावावर होता: अडतीस जोड. पेनफोल्ड यांनी इंग्रजी काव्यावर बोलून पहिल्याच गुरुवारी एक्केचाळीस काढले. कवीचे आजोबा, कवीचे घर, कवीचा खोकला, सगळे ते एका सुरात सांगत. शोकगीताच्या इतिहासाने सत्तेचाळीस दिले, छंदशास्त्राने बावन्न. (प्रेमकाव्याला एकोणतीसच, त्यातही तीन टाचा पुढच्या बाजूला निघाल्या. तो विषय पुन्हा घेतला नाही.)

पेनफोल्ड यांची शाळा नाताळात बंद पडली होती. वसंतातली बारा व्याख्याने मिळाली तर ठीक, नाहीतर बहिणीकडे, तिच्या सात मुलांत, जाऊन राहायचे होते.

सहाव्या गुरुवारी टिपणे दहा मिनिटे आधीच संपली. गोंधळून त्यांनी खिशातले छोटे पुस्तक काढले आणि एक कविता वाचली. चोवीस ओळी.

तिसऱ्या ओळीला पहिली सुई थांबली. आठव्या ओळीपर्यंत सगळ्या थांबल्या. लोकरीचा एक गुंडा घरंगळत व्यासपीठाशी आला, तरी कुणी उठले नाही. वाचून झाल्यावर टाळी पडली नाही. दुसऱ्या रांगेतल्या मिसेस डॉकरे मांडीवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. एकोणीस वर्षांच्या नोकरीत आपण काहीतरी शिकवले, असे पेनफोल्ड यांना त्या दिवशी प्रथमच वाटले.

टोपलीत चौतीस जोड निघाले.

"इतकं छान चाललं होतं हो तुमचं, प्राध्यापकसाहेब," मिसेस ब्रॅथवेट म्हणाल्या. "मध्येच कविता कशाला काढलीत?"

"बाईसाहेब, व्याख्यान कवितेवरच होतं."

"कवितेवर होतं म्हणूनच तर आलो! कविताच ऐकायची तर घरी काय पुस्तकं नाहीत? ती डॉकरे बघा, टाचेपर्यंत आली आणि बसली आढ्याकडे बघत. थंडीत पोरांच्या पायांत काय, तुमच्या चोवीस ओळी घालू?"

पेनफोल्ड यांना बहिणीची सातही मुले डोळ्यांपुढे दिसली. यापुढे व्याख्यानात कविता येणार नाही, असे त्यांनी लिहून दिले.

वसंतात त्यांनी त्याच चोवीस ओळींवर तीन व्याख्याने दिली: कागद, शाई आणि सातव्या ओळीतला स्वल्पविराम. स्वल्पविरामाला एकसष्ट जोड पडले. तो उच्चांक अजून कुणी मोडलेला नाही.

त्या दिवशी दाराशी मिसेस डॉकरे थांबल्या. "साहेब, ती पुन्हा एकदा वाचाल का? हळू वाचलीत तरी चालेल."

पेनफोल्ड यांनी मागे, टोपली मोजणाऱ्या मिसेस ब्रॅथवेटकडे पाहिले. "लिहून देऊन बसलोय हो, बाई."

स्कार्नेसच्या बायकांना हसण्याआधी वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे. ती कविता पुन्हा ऐकावी, असे डॉकरेबाईंना निदान वाटले. आपण ती कशाबद्दल होती हेही न विचारता, जोड किती झाले ते पाहत इथवर आलात.