नकाशातलं दुकान

"हा नकाशा ज्याने काढला, त्याने जन्मात कधी घर पाहिलेलं नाही. आणि ज्याने यावर सही केली, त्याने कधी नकाशा पाहिलेला नाही."

हे आरोप भर सकाळी, बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभं राहून, कुणाचंही नाव न घेता करण्यात आले. वडील वर्तमानपत्रामागे होते. ते आणखी थोडे मागे सरकले.

आरोप करणाऱ्याला गल्लीत 'उपनियम' म्हणत. कचऱ्याची गाडी उशिरा आली की ती कोणत्या उपनियमाखाली उशिरा आली, असं तो गाडीवाल्यालाच विचारायचा, म्हणून. शिकलेला, तरुण, आणि एका गोष्टीवर ठाम, की रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाचं काम झालंच पाहिजे. (तोवर तो फारशा रांगांत उभा राहिलेला नव्हता.)

काम साधं होतं. घरामागच्या मोकळ्या जागेत एक खोली वाढवायची होती. त्याची बायको लांबलांबच्या मुलांना संगणकावरून गणित शिकवायची, आणि घरात आतून कडी लागणारं रिकामं दार एकच होतं, न्हाणीघराचं. त्यामुळे ती उलट्या बादलीवर बसून वर्ग घेई. ती वर्तुळ समजावू लागली की मागे नळ ठिबकू लागे. "मॅडम, तुमच्याकडे रोज पाऊस पडतो का?" असं एका मुलाने विचारलंसुद्धा होतं.

आता तिच्या संस्थेने तिला दुसऱ्या शहरातली शाखा देऊ केली होती. शाखेत खोली होती आणि खोलीला दार होतं.

"मला जायचं नाहीये," ती म्हणाली होती. "पण महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय. इथे दार मिळालं तर त्यांना 'नाही' म्हणून कळवते. नाहीतर तू सुट्टीच्या दिवशी भेटायला येत जा."

"खोली नियमाने होईल," तो म्हणाला.

"नियमाने होऊ दे, नाहीतर जादूने होऊ दे. मला आतून कडी हवी."

म्हणून त्या सकाळी त्याने घराचा जुना मंजूर नकाशा पहिल्यांदा उलगडला. नकाशात बाहेरच्या खोलीवर लिहिलं होतं 'दुकान'. न्हाणीघराच्या जागी स्वयंपाकघर होतं. स्वयंपाकघराच्या जागी झोपायची खोली होती आणि झोपायच्या खोलीत, जिथे त्याचं कपाट होतं, तिथे न्हाणीघर. संडास तेवढा कागदावर आणि प्रत्यक्षात एकाच जागी होता. त्याबद्दल आईने देवाचे आभार मानले.

"बाबा, हे काय आहे?"

"नकाशा आहे," वर्तमानपत्र म्हणालं. मग ते हळूच खाली आलं. "अरे, आमचा एक मित्र होता, आराखडे काढायचा. चांगला माणूस. पण त्याच्या हाताला एकच घर यायचं. सगळ्या गल्लीला त्याने तेच दिलंय."

"म्हणजे सगळी गल्ली कागदावर दुकान आहे?"

"कागद कोण बघतं?"

पण उपनियम बघत होता. तीच तर अडचण होती.

नगरपालिकेच्या कार्यालयाच्या दारातच एक एजंट उभा असे. "एका दिवसात करून देतो," तो म्हणाला. उपनियमने त्याला नागरिकाच्या कर्तव्यावर एक छोटं भाषण दिलं. एजंटने ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "बरं, मग चारपाच महिन्यांनी भेटू."

खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "घर मंजूर नकाशाप्रमाणे आहे ना?"

हा प्रश्न तो 'काय, बरंय ना?' या चालीवर विचारायचा. त्यावर कुणी आपली दुखणी सांगत बसत नाही. उपनियम म्हणाला, "नाही."

कारकुनाने मान वर केली. मागच्या रांगेनेही केली.

"नाही म्हणजे?"

"स्वयंपाकघर न्हाणीघरात नाही. आणि दुकानच नाही."

"मग जुना नकाशा दुरुस्त करून घ्या. मूळ आराखडा काढणाऱ्याची संमती लागेल."

"ते वारले."

"मग तसं त्यांच्याकडून लेखी आणा." एवढं बोलून कारकून थोडा थांबला. त्यालाच काहीतरी खटकलं असावं. "नाहीतर असं करा, घरच नकाशाप्रमाणे करा. तपासणीला माणूस पाठवतो."

दुसरा कुणी असता तर इथे एजंटकडे वळला असता. उपनियम घरी आला आणि शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या.

"थापा आपण मारायच्या नाहीत," त्याने घरच्यांना बजावलं. "घर खरोखर तसं करायचं."

सुट्टीचा अख्खा दिवस घर स्वतःभोवती फिरलं. गॅसची शेगडी न्हाणीघरात गेली. आई शॉवरखाली भाजी परतू लागली. वडिलांची गादी स्वयंपाकघरात पडली, डोकं डब्यांच्या फळीखाली. ते कूस बदलायच्या आधी आवाज देत. झोपायच्या खोलीत टब आणि कपाटाच्या मुठीला टॉवेल. बायकोचा वर्ग आता त्या कपाटात भरू लागला. कपाटाला कडी होती, पण बाहेरून.

"मॅडम, आज पाऊस नाही?"

"नाही," कपाटातून उत्तर गेलं. "आज कपड्यांमुळे गुदमरायला होतंय."

राहिलं दुकान. दारात टेबल आडवं टाकून गल्ला झाला. फळ्यांवर ठेवायला माल नव्हता, म्हणून घरातलंच सामान मांडलं. इस्त्री, छत्र्या, अर्धी वापरलेली टूथपेस्ट, बाबांची दुर्बीण, उपनियमची पुस्तकं. वर पाटी लावली. पाटीवर लिहिलं, 'दुकान'. कसलं, ते लिहिलं नाही, कारण नकाशात तसं काही नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या काकू. त्यांचे यजमान वर्तमानपत्र वाचून सरकारला जाब विचारायचे आणि गॅस संपला की अंगणात जाऊन उभे राहायचे. त्यामुळे घरातलं सगळं काकूंनाच बघावं लागे.

"दुकान काढलंत? सांगितलं नाहीत ते. दोरी आहे का?"

"काकू, हे दुकान विकण्यासाठी नाहीये," उपनियम म्हणाला.

"म्हणजे बघायचं दुकान?"

"दोरी आहे हो," आई आतून शॉवर बाजूला सारत म्हणाली. ती आली, तिने दोरी मोजून कापून दिली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की वडील गादीवरून उठून बघायला आले. (त्याआधी त्यांनी आवाज द्यायला हवा होता. डब्याचा आवाज आला.)

दुसऱ्या दिवशी उपनियम कामावरून परतला तेव्हा त्याचा निळा शर्ट पोस्टमनच्या अंगावर गल्लीतून चालला होता.

"आई, तो माझा शर्ट होता."

"तुझा होता म्हणूनच सांगितलं, कमी वापरलेला आहे."

अखेर तपासणीचा माणूस आला. बारीकसा, खांद्यावर पिशवी, हातात टेप. त्याने घराच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत टेप धरली, वहीत काहीतरी टिपलं आणि तो निघाला.

"साहेब, आत?"

"आत कशाला? आम्ही बाहेरची मोकळी जागा बघतो. आत कोण काय करतं ते बघायला लागलो तर मी घरी कधी जाणार?"

ज्याच्या आईने आठवडाभर शॉवरखाली स्वयंपाक केला आहे, त्याला हे ऐकवत नाही.

"नाही साहेब. तुम्हाला आत यावंच लागेल. तो नियम आहे."

बायको कपाटातून म्हणाली, "जाऊ दे ना त्यांना."

पण साहेब आत आले. नकाशा हातात धरून खोल्याखोल्यांतून फिरले. शॉवरखालच्या शेगडीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज जरा जड झाला होता.

"इतकी वर्षं नोकरी केली. तंतोतंत नकाशाप्रमाणे असलेलं घर पहिल्यांदा पाहिलं."

उपनियमने घरच्यांकडे विजयाने बघितलं. साहेबांनी फळीवरचं नेलकटर विकत घेतलं, नखं तपासली आणि सहज विचारलं, "दुकानाचा परवाना कुठे लावलाय?"

तो अर्थातच कुठेच लावलेला नव्हता.

परवान्याशिवाय दुकान चालवणं हा गुन्हा होता. दुकान बंद केलं तर घर नकाशाप्रमाणे राहत नव्हतं. आणि नकाशाप्रमाणे नसेल तर खोली नव्हती. उपनियमने हे सगळं एका कागदावर बाणांनी मांडलं. बाण फिरून फिरून त्याच्याच नावाशी येत होते. महिना संपत आला होता. बायकोने कपाटापाशी बॅग उघडून ठेवली होती आणि तीत अजून काही भरलं नव्हतं, हे त्याला भरलेल्या बॅगेपेक्षा जास्त लागलं.

"चुकलं माझं," तो टबाच्या काठावर बसून म्हणाला. "त्यांना आत बोलवायला नको होतं."

"ते झालं," बायको म्हणाली. "उद्या मी जाते खिडकीवर."

ती गेली. परवाना आईच्या नावाने मागितला, तो लगेच मिळाला. दुकान तर साहेबांनी स्वतः पाहिलेलं होतं. मग तिने कारकुनाला एकच गोष्ट विचारली. "दुकान आहे म्हटल्यावर गोदाम लागणारच ना?"

"अर्थात लागणार," कारकून म्हणाला. "अजून अर्ज कसा केला नाहीत?"

मागची खोली गोदाम म्हणून मंजूर झाली. अट एकच, दाराला भक्कम कडी हवी. संस्थेला नकार त्याच संध्याकाळी गेला.

"पण ते खरं गोदाम नाहीये," उपनियम कळवळून म्हणाला.

"मग तुझी पुस्तकं ठेव तिथे. तेवढीच खपली नाहीत."

यथावकाश खोली उभी राहिली. बायको आत शिरली, तिने कडी लावली, उघडली, पुन्हा लावली. आतून ती हसल्याचं ऐकू आलं. दुकान मात्र चालू ठेवणं भाग होतं, नाहीतर गोदाम बेकायदा. आई आता माल भरायला स्वतः बाजारात जाई, आणि सुट्टीच्या दिवशी गल्ल्यामागे उपनियमला बसवून जाई. त्याच्या हातून काही खपत नसे, कारण प्रत्येक वस्तू देताना तो आधी तिचे दोष सांगायचा.

अशाच एका दिवशी आई यायची होती, फळ्या रिकाम्या होत्या. काकू आल्या. त्यांनी वरची फळी पाहिली, खालची पाहिली, मग गल्ल्यामागे बसलेल्या उपनियमला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"एवढंच उरलंय का?" काकू म्हणाल्या. "मग राहू दे. असलं एक आमच्या घरी आहे."